घरातले सेल कुठं गेले?

वाडीच्या वरच्या कातळी सड्यावर, पायवाटेला, काजूच्या झाडाखाली उभ्या असलेल्या बाईनं मान वळवून आपल्याकडे पाहिलं, तेव्हा मनस्वीला काही विशेष वाटलं नाही. काजूचे दिवस होते, बोंडू गोळा करायला बाया सड्यावर येतातच.

धक्का बसला तो त्या बाईचा कुर्ता बघून.

पोपटी रंग, गळ्याला बारीक आरसे, आणि डाव्या बाहीवर शाईचा डाग — बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पेन फुटलं होतं, तोच. म्हणजे हा तिचाच कुर्ता! ती जागच्या जागी थबकली. तेवढ्यात त्या बाईनं उजवा हात सावकाश वर केला, कोपरात मोडला, आणि पोपटी ओढणी वाऱ्यानं बाजूला झाली… ओढणीखाली तोंडच नव्हतं! नुसतं काळं मडकं.

मनस्वीच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की झाडावरचे कावळे उडाले. हातातली पिशवी सुटली आणि नाक्यावरून घेतलेले बांगडे तापलेल्या कातळावर पसरले. इकडे ती बाईही घाबरल्यासारखी लटलट कापायला लागली, मान गदागदा हलली, आणि दोन्ही हात खाली टाकून ती गप्प झाली.

"ओरडू नका! ओरडू नका हो, ती मी केलीय!"

काजूच्या मागून एक तरुण धडपडत बाहेर आला. दातात वायरचा तुकडा, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर, केसांत वाळलेलं गवत. दिसायला बरा होता, हे तिला त्या अवस्थेतही दिसलं. अशा गोष्टी कुठल्याही अवस्थेत दिसतात.

"क… कोण ती?"

"बुजगावणं आहे. माकडांसाठी. पुढ्यात काही हललं की सेन्सरला कळतं, मग ती जागी होते. म्हणजे व्हायला हवी… आत्ता मध्येच मेली, बघितलंत ना?" तो ओशाळून म्हणाला आणि खाली बसून बांगडे गोळा करू लागला.

"माझा कुर्ता घालून?"

त्याच्या हातातला बांगडा परत खाली पडला. "तुमचा? आई म्हणाली, गडग्यापलीकडच्या काकूंनी जुने कपडे दिले…"

गडग्यापलीकडच्या! म्हणजे हा राजश्रीकाकूंचा ऋत्विक! लहानपणी मामाकडे अलोऱ्याला शिकायला गेलेला आणि आता लोट्याला कंपनीत लागलेला. मनस्वीनं त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याचं नाक वाहत होतं. आता… आता वाहत नव्हतं, एवढंच ती स्वतःशी म्हणाली.

दोन्ही घरांमध्ये, वर सड्यावरच्या बागांपर्यंत गेलेला, जांभ्या दगडांचा एकच गडगा. एका पावसाळ्यात तो ढासळला. ऋत्विकच्या वडिलांनी पुन्हा रचला, आणि तो वीतभर आपल्या हद्दीत आला असं मनस्वीच्या बाबांचं म्हणणं पडलं. ऋत्विकचे वडील वारले तरी ती वीत काही मिटली नाही. बाबा पलीकडच्या आंब्याच्या बागेकडे मान वळवून बघत नसत. बायकांची बोलाचाली मात्र कधी बंद पडलीच नव्हती. गडग्यावरून कढीलिंब जात होता, फणसाचे गरे येत होते, आणि जुने कपडेही.

"पण एक सांगा," मनस्वी ओढणीचं टोक चिमटीत धरत म्हणाली, "माकडं घाबरावीत म्हणून तुम्ही बाईमाणूस उभं केलंत?"

"का? काय झालं?"

ती हसायला लागली ती थांबेचना. "अहो, माकडं बायकांना मोजतात तरी का? माझ्या आईच्या हातातनं भाकरी ओढून नेलीय एकानं. बाप्या दिसला की पळतात, बाई दिसली की दात दाखवतात. हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे!"

ऋत्विकनं आ वासून आधी तिच्याकडे आणि मग आपल्या पोपटी बाईकडे पाहिलं. सगळे रविवार घालवून त्यानं ते बांबूच्या कामट्यांचं अंग बांधलं होतं.

"अलोऱ्याला माकडं नाहीत वाटतं?"

"आहेत की… पण कॉलनीत आम्ही दारं लावून घ्यायचो."

तो इतक्या पडेल आवाजात म्हणाला की तिचं हसू एकदम विरलं. मग त्यानं सांगितलं ते ऐकून तर तिला वाईटच वाटलं. गेल्या हंगामात माकडांनी मोहोरापासून कैरीपर्यंत काही ठेवलं नव्हतं. आई एकटी, ती किती धावणार? मामा म्हणतात, बाग विका आणि अलोऱ्याला या. शिमगा झाला की मामा बाग बघायला येणार. झाडावर कैरी दिसली तर आई इथंच राहील, नाहीतर घराला कुलूप.

"आणि मग तुम्ही?"

"मग मी कशाला येतोय सडेवाडीला?"

किती साधं वाक्य होतं. तिच्या काळजात उगाचच धस्स झालं. अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या माणसासाठी काळजात धस्स व्हावं म्हणजे काय? तिनं घाईघाईनं बांगड्यांची पिशवी उचलली आणि विचारलं, "मोटरी किती आहेत तिच्यात?"

"सहा. रेडिओवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांना असतात ना, त्या सर्व्हो मोटरी. मान, कंबर, दोन खांदे, दोन कोपर."

"आणि सगळ्या या एका चौकोनी बॅटरीवर?"

"नऊ व्होल्टची आहे!"

"व्होल्ट असतील हो, प्रवाह कुठाय? ही मल्टिमीटरमध्ये घालायची वस्तू. सहाजणी एकदम उठल्या की हिचा जीव जातो, व्होल्टेज बसतं, तुमचा बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून ती थरथरते." ती शाळेत दहावीला विज्ञान शिकवत होती आणि तो आवाज आपसूक लागला होता. "दीड व्होल्टचे चार सेल एकसर जोडा. सहा व्होल्ट. मोटरींना तेच हवेत."

"एकसर म्हणजे?"

"सिरीज हो, सिरीज! काय बाई ही इंग्रजी माध्यमाची माणसं!"

"बाई, पुढच्या रविवारी पुन्हा शिकवणार का?" त्यानं चेहरा अगदी गरीब करून विचारलं.

"फी म्हणून कुर्ता परत द्यावा लागेल."

"तो नाही देणार," ऋत्विक म्हणाला, आणि का कोण जाणे, लाल झाला.

*

बुधवारी शाळा सुटल्यावर मनस्वी मुद्दाम सड्यावरून आली. उगाच. पाय मोकळे करायला. आणि समोर बघते तो काय!

बुजगावण्याच्या खांद्यावर एक माकडीण ऐसपैस बसली होती. गळ्यात मनस्वीची पोपटी ओढणी, हातात कैरी. सेन्सरला कळलं, बुजगावण्यानं हात वर केला, तर माकडिणीनं तो टेकायला घेतला! वर मनस्वीकडे बघून दात विचकले ते वेगळेच.

त्या रात्री तिनं आईला विश्वासात घेतलं. म्हणजे थोडंसं. "आई, बाबांचा एखादा जुना खाकी शर्ट मिळेल का गो?"

बाबा म्हणजे विठू शितप, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खाकी शर्ट आणि हातात गलोल अशी त्यांची मूर्ती वाडीतल्या प्रत्येक माकडाच्या ओळखीची होती. ते नुसते अंगणात आले तरी माडावरचा कळप उड्या टाकत पसार व्हायचा. आता गुडघा दुखायचा म्हणून सडा चढणं बंद झालं होतं, पण दरारा होता तसाच होता. आईनं काही न विचारता ट्रंकेतला शर्ट काढून दिला. आयांना विचारावं लागत नाही.

रविवारी ऋत्विकनं तो शर्ट बघितला, गलोल बघितली आणि तिच्याकडे असा बघत राहिला की तिला गवताची एक काडी उपटून तिचे तुकडे करावे लागले.

"तुम्ही… तू…" तो अडखळला. "तुम्हाला भीती नाही वाटत? तुमच्या बाबांना कळलं तर?"

"वाटते ना. म्हणून तर लवकर आटप," ती म्हणाली. 'तू' म्हणून मोकळी झाल्याचं दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

त्या दिवशी सगळंच अडत होतं. बोर्डाला वेगळे पेन्सिल सेल दिले, मोटरींना वेगळे. तर मोटरी पिसाळल्यासारख्या वाटेल तिकडे फिरायला लागल्या. पॉवर बँक लावून झाली होती. मोटरी शांत असल्या की ती आपोआप झोपी जायची आणि मग उठायचीच नाही. ऊन डोक्यावर आलं. दोघं डब्यावर वाकले होते, इतके जवळ की त्याच्या शर्टाचा मशीनच्या तेलाचा वास तिला येत होता आणि तो तिला आवडत होता, ही आणखी एक आश्चर्याची गोष्ट.

"थांब… मायनस!" ऋत्विक ओरडला. "दोन्हीकडचं मायनस एकत्र जोडलेलंच नाही. बोर्ड काय सांगतोय ते मोटरींना कळणार कसं?"

त्यानं एक काळी वायर जोडली. तिनं हात हलवला. खाकी शर्टातल्या आकृतीनं कमरेतून वळून, मान तिरकी करून, दोघांवर नजर रोखली.

"बाबा!" मनस्वी केवढ्यांदा दचकली! ऋत्विकपासून टुणकन चार हात लांब उडी मारून ती उभी राहिली आणि ओढणी सारखी करू लागली. मग तिला कळलं. ऋत्विक तर पोट धरून पाचोळ्यात आडवाच झाला होता.

"हसू नकोस! मेल्या, हसू नकोस ना…"

"माझ्यापासनं एवढ्या लांब गेलीस, म्हणजे आधी फार जवळ होतीस तर."

तिनं बोंडू फेकून मारला. तो त्यानं झेलला आणि खाल्ला.

"हे बघ," ती गाल झाकत म्हणाली, "बाबा असे फटकन उठत नाहीत. आधी मान वळते. मग थांबतात. मग कंबर. मग हळूच गलोलीचा हात… माकडांना पळायला तेवढ्यातच सुचतं."

ऋत्विक उठून बसला. "म्हणजे एकामागून एक? सहाच्या सहा एकदम नाहीत?" आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अगं, मग सेलवरही एकदम भार येणार नाही! मनस्वी, तू काय बोललीस तुला कळलं का?"

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. दुसरं काही तिला कळलंच नाही.

*

सोमवारी माकडं आली आणि गेली. मंगळवारी आली आणि गेली. राजश्रीकाकू गडग्यावरून आईला सांगत होत्या, "काय गो बाय, आजपण एक कैरी नाय गेली! तुझा घोव उभा हाय म्हणून!" आणि त्या खाकी नवऱ्यावरून दोघी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

पण दिवसभर माकडं येणार म्हणजे दिवसभर मोटरी चालणार. गुरुवारी मनस्वी वर गेली तर गलोलीचा हात अर्ध्यावर थांबलेला. सेल संपले होते. आणि गडग्यावर कळप बसला होता. सगळे मिळून तो हात न्याहाळत होते.

ती धावत खाली आली. वाडीतल्या दुकानात सेल होते ते गळके. जयगडला जाऊन यायचं तर एसटी संध्याकाळी. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि टीव्हीचा रिमोट उघडला. 'उद्या परत घालू…' मग घंटीतले काढले. मग आईच्या वजनकाट्यातले. मोटरींसाठी मोठे सेल हवेत हे तिच्या आता लक्षात आलं होतं. पेन्सिल सेल दमतात लवकर. दोन बाबांच्या रात्रीच्या हातबॅटरीत सापडले, दोन न्हाणीघरातल्या गॅस गिझरमध्ये. प्रत्येक सेलवर निळ्या बॉलपेननं तारीख होती. गाडीचं तेल बदललं की तारीख लिहायची बाबांची सवय घरातही चालू राहिली होती. तारखेकडे न बघता तिनं सेल ओढून काढले.

शुक्रवारी तिनं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. टिकटिक थांबली आणि घर इतकं शांत झालं की ती स्टुलावर उभी राहिल्या राहिल्या हादरली. हे काय करतोय आपण? स्वतःच्या घरात चोरी? कशासाठी, चार कैऱ्यांसाठी?

नाही. कैऱ्यांसाठी नाही. बाग गेली तर तो येणार नाही… तो येणार नाही म्हणून!

अगंबाई! हे कधी झालं? ती घड्याळ छातीशी धरून तशीच स्टुलावर बसली. बांगडे उचलताना झालं, की बोंडू खाताना? आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो लोट्याला बसून विचारणार काय, तर "व्होल्टेज किती भरतंय?" रोज संध्याकाळी मेसेज तोच. कधी चुकून 'जेवलीस का' नाही!

त्याच संध्याकाळी बाबांनी दुसरा धक्का दिला. "रविवारी चार वाजता डोंबिवलीची माणसं येतायत गो. तुला बघायला. मुलगा चांगला हाय."

मनस्वीनं आईकडे पाहिलं. आईनं डाळीतला खडा शोधायला घेतला. ऋत्विकला कळवावं म्हणून मनस्वीनं फोन हातात घेतला, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते एवढंच — 'साडेपाच व्होल्ट.'

*

रविवारी मामाही बाग बघायला येणार होते, म्हणून ऋत्विक सकाळपासून सड्यावर होता. खाली शितपांच्या घरात वेगळीच धांदल.

"हा गिझर मेला तीन दिवस पेटत नाय! कंपनीवाल्याला फोन लावतो मी!" बाबा मागच्या पडवीत पंचा नेसून गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "किती वाजले?"

"घड्याळात अडीच," आई म्हणाली. घड्याळात शुक्रवारपासून अडीचच वाजले होते.

"मग हाय वेळ."

वेळ नव्हता. पुढच्या दारी डोंबिवलीची मंडळी उभी राहून घंटी दाबत होती. घंटी कुठली वाजते! वाट बघून बघून मुलाचे काका, बाबांना एसटीच्या दिवसांपासून ओळखणारे, घराला वळसा घालून मागे आले आणि त्यांना दिसलं ते असं की मुलीचे वडील पंचावर, अंगाला तेल, डोक्यावर थंड पाण्याचा तांब्या.

"आँ!" बाबांच्या हातून तांब्या सुटला.

पण काका त्यांच्याहून जास्त दचकले होते. ते दोन पावलं मागे सरकले. "तुम्ही… तुम्ही इथं कसे?"

"म्हणजे? माझा घर हाय हा!"

"अहो, आत्ता तर तुम्ही वर सड्यावर उभे होता! खाकी शर्टात! मी गाडीतनं हात केला, तर तुम्ही मान वळवून बघितलंत आणि गलोल रोखलीत आमच्यावर! सौ. म्हणाली सुद्धा, माणूस तापट दिसतोय…"

पोह्यांची बशी घेऊन दारात आलेली मनस्वी तिथंच थिजली. बाबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग वर सड्याकडे. दुपारच्या उन्हात, कलमांच्या मधे, त्यांचा शर्ट घालून कोणीतरी उभं होतं.

गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठं गेलं. पंचावर एक सदरा अडकवून बाबा चालू पडले. त्यांच्या मागे मनस्वी, तिच्या मागे आई, आणि बघण्याचा कार्यक्रम आता वरच आहे असं समजून डोंबिवलीची मंडळीही. गडग्यापाशी बाबा क्षणभर थांबले. इतक्या वर्षांत तो त्यांनी ओलांडला नव्हता. मग त्यांनी पाय टाकला.

काजूखाली ऋत्विक आणि राजश्रीकाकू उभ्याच होत्या. कोणी काही बोलायच्या आत खाकी आकृतीनं मान वळवली. थांबली. कंबर वळली. आणि गलोलीचा हात सावकाश वर आला, थेट बाबांच्या नाकासमोर.

विठू शितप विठू शितपांसमोर उभे होते. असे अवाक झालेले बाबा मनस्वीनं जन्मात पाहिले नव्हते.

"माझी मान… अशी वाकडी हाय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"लग्नापासनं," आई म्हणाली.

कोणाला हसायचं धाडस झालं नाही. बाबा पुढं झाले. बुजगावण्याच्या पोटाला बांधलेला डबा त्यांनी उघडला आणि एकेक सेल बाहेर काढून डोळ्यांजवळ नेला. निळी तारीख. निळी तारीख. सगळ्यांवर त्यांचंच अक्षर.

"हा गिझरचा. हा बॅटरीचा. आणि हा घड्याळाचा…" त्यांचा आवाज चढला. "घरातले सेल इथं कोणी आणले?"

"काका, चूक माझी—" ऋत्विकनं तोंड उघडलं.

"मी आणले," मनस्वी म्हणाली. पोह्यांची बशी अजून तिच्या हातातच होती. "त्याला ठाऊकसुद्धा नाही. शर्ट मी दिला, सेल मी आणले. चोरून."

"कशाला?"

ती खोटं बोलू शकली असती. शेजारधर्म म्हणाली असती तरी चाललं असतं. पण बाबांच्या हातातला घड्याळाचा सेल बघून तिला स्टुलावरची ती शुक्रवारची शांतता आठवली आणि शब्द आपोआप बाहेर पडले. "बाग गेली तर ऋत्विक परत यायचा नाही, बाबा. मला तो… जायला नको आहे."

राजश्रीकाकूंनी तोंडावर हात ठेवला. ऋत्विकच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून कातळावर खणकन वाजला.

"हे… हे तू मला कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?" मनस्वीचे डोळे भरून आले आणि रागही तेवढाच आला. "रोज आपलं व्होल्टेज किती, व्होल्टेज किती!"

"अगं, मला दुसरं विचारायची भीती वाटायची!" तो सगळ्यांसमोर ओरडलाच. "मला कशाला कळायला हवं होतं रोज व्होल्टेज? मल्टिमीटर घेऊन तू वर येतेस, मी जोडलेल्या वायरी बघतेस… तेवढ्यासाठी विचारायचो! कुर्ता परत दिला का मी तुला? अजून माझ्या बॅगेत आहे तो. लोट्याला."

एवढं बोलून त्यालाच आपण काय बोललो ते कळलं आणि तो कानांपर्यंत लाल झाला. मनस्वीला हसावं की रडावं समजेना. तिनं बशी घट्ट धरून ठेवली.

बाबा बागेकडे बघत होते. कलमांवर कैऱ्या लोंबत होत्या, फांदी वाकेल इतक्या. किती वर्षांनी त्यांनी या बागेकडे मान वळवली होती! मग ते खाकी आकृतीकडे वळले आणि तिचा गलोलीचा कोपर धरून जरा वर केला.

"एवढ्या खाली धरतात होय गलोल? कुत्रा मारायचा हाय काय? माकड झाडावर असतो." त्यांनी सेल एकेक करून डब्यात परत बसवले. "बघ आता."

ऋत्विक बघतच राहिला. मग घाईघाईनं त्यानं पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलून तो कोपर आवळला.

"मला वाटतं," इतका वेळ गप्प असलेला डोंबिवलीचा मुलगा घसा साफ करत म्हणाला, "आमचं इथं काही काम नाही. पण पोहे आणलेच आहेत तर…" आणि त्यानं मनस्वीच्या हातातली बशी घेतली. तो खरंच चांगला मुलगा होता.

तासाभरानं मामा आले. त्यांनी कैऱ्यांनी लगडलेली बाग पाहिली, आणि गडग्यावर बसून राजश्रीकाकूंच्या हातचा चहा पिणारे विठू शितपही पाहिले. विक्रीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

*

पुढच्या आठवड्यात बाबा जयगडला जाऊन पिशवीभर सेल घेऊन आले. पडवीत बसून त्यांनी प्रत्येकावर तारीख लिहिली. घड्याळ चालू झालं, गिझर पेटला, रिमोट चालू झाला. चार मोठे सेल मात्र त्यांनी वेगळे काढून, कागदात गुंडाळून फडताळात ठेवले.

"हे कोणाचे?" मनस्वीनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"त्याला सांग, वरचे संपले की इथं मागायचे. मागच्या दारानं नाय, पुढच्या. आणि आईला घेऊन यायचा. अशी बोलणी उभ्या उभ्या सड्यावर नाय करत."

तिच्या हातातला फोन पडता पडता राहिला. बाबा चष्मा पुसत होते, जसं काही बोललेच नाहीत.

रविवारी सकाळपासून ती दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होती. आरशासमोर कितीदा गेली त्याला हिशेब नव्हता. आई स्वयंपाकघरात गुणगुणत शिरा परतत होती, आणि बाबा ठेवणीतला शर्ट घालून उगाच कडक चेहरा करून बसले होते.

आणि घंटी वाजली. इतक्या दिवसांनी, खणखणीत. आवाजाची सवयच मोडली होती, मनस्वी केवढी दचकली!

"बघ गो, कोण आलाय," बाबा वर्तमानपत्र तोंडापुढं धरून म्हणाले.

तिनं दार उघडलं. राजश्रीकाकू हसत उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे ऋत्विक, इस्त्रीचा शर्ट, केसांत एकही गवताची काडी नाही. हातात घडी घातलेला पोपटी कुर्ता.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.